गटात यायचंय, पण... : मानसिक आजार, घरची माणसं आणि आधारगट याबद्दल खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-धुळ्याकडच्या गटांमध्ये मी गेली काही वर्षं समाजकार्यकर्ती म्हणून बसते आहे. त्याआधी आजारी भावाची बहीण म्हणून अशाच एका गटात बसत होते. खालचे प्रश्न फोनवर, दवाखान्याच्या बाकावर, एसटी स्टँडवर आणि एकदा लग्नाच्या पंगतीत विचारले गेलेले आहेत. उत्तरं तिथे दिली तशीच लिहिते आहे, फक्त थोडी सविस्तर.

गट म्हणजे नेमकं काय? बचत गटासारखं काही असतं का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गावात येतो, कारण आपल्याकडे ‘गट’ म्हटलं की बचत गटच आठवतो. काही जणी घरी तसंच सांगून येतात आणि मी त्यांना अडवत नाही.

आठ-दहा माणसं गोल करून बसतात. साधारण दीड तास. ज्याला बोलायचं तो बोलतो, बाकीचे ऐकतात. उपचारगट आणि आधारगट असे दोन प्रकार आहेत. उपचारगट मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समाजकार्यकर्ता चालवतो. त्यात ठरलेली माणसं ठरलेल्या आठवड्यांसाठी येतात आणि एखाद्या त्रासावर पद्धतशीर काम होतं. आधारगट त्या वाटेने गेलेली माणसंच एकमेकांसाठी चालवतात. तिथे कुणी डॉक्टर नसतो आणि कुणी सल्ला लादत नाही. तुम्हाला कुठला हवा, हे पहिल्या भेटीत बोलून ठरतं.

नुसतं बोलून काय होणार?

१९०५ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. आराम, मोकळी हवा आणि खाणं कसं सांभाळायचं हे शिकवण्यासाठी ते वर्ग होते. पण प्रॅट यांच्या लक्षात आलं की रुग्ण एकमेकांकडून उभारी घेत आहेत. गटउपचाराची सुरुवात म्हणून आज हाच दाखला दिला जातो.

आपल्याकडे ते कसं घडतं, ते मी पाहिलं आहे. नैराश्यातला माणूस महिनोन्‌महिने धरून चाललेला असतो की असं फक्त आपल्यालाच होतं आणि आपणच कुठेतरी कमी पडलो. मग शेजारी बसलेल्या बाई म्हणतात, “मना जीव घाबरस, सकाळी उठूच नये असं वाटस.” त्याने जन्मात कुणाला न सांगितलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, त्याच्याच बोलीत, त्याला ऐकू येतं. त्या क्षणी त्याचे खांदे खाली येतात. दुसरी गोष्ट पुढच्या काही बैठकांत घडते. स्वतःला निकामी समजणाऱ्या माणसाने सांगितलेली एखादी साधी युक्ती दुसऱ्याच्या उपयोगी पडते. पहाटे तीनला जाग आली तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसायचं, एवढीच असेल. आपला कुणाला उपयोग झाला, ही जाणीव गोळीतून मिळत नाही.

मग गोळ्या बंद करता येतील?

नाही. गटाच्या भरवशावर कुणीही स्वतःहून गोळ्या बंद करू नयेत. गटातल्या दुसऱ्याची गोळी ‘त्याला लागू पडली’ म्हणून घेऊही नये. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी जाणवते आणि फायदा काहीच दिसत नाही. बरेच जण नेमके तिथेच सोडतात. बरं वाटायला लागल्यावरही डॉक्टर आणखी सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. त्याला कारण आहे. लवकर सोडली तर आजार उलटण्याचा धोका वाढतो.

इथे आपल्या उन्हाबद्दल सांगायलाच हवं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. द्विध्रुवी आजारासाठी (कधी मन फार चढतं, कधी फार उतरतं असा आजार) जे लिथियम घेतात, त्यांच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषारी ठरू शकतं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना झोकांड्या जाणं, जीभ जड होणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ऊन लागलं असेल म्हणून कांदा हुंगवत घरी बसू नका. लिथियम घेणाऱ्याने निर्जळी उपास करू नये, जेवणातलं मीठ एकदम तोडू नये, अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नये आणि रक्ततपासणीची तारीख चुकवू नये. भर उन्हाळ्यात केळीच्या बागेत काम करणाऱ्या एका भाऊंना हे कुणीच सांगितलं नव्हतं. गटात पाण्याच्या बाटलीवरून विषय निघाला, म्हणून कळलं.

गावात कळेल का?

या एका भीतीने जेवढी माणसं उपचारावाचून राहतात, तेवढी अंतराने आणि पैशानेही राहत नसावीत, असं मला वाटतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून जास्त माणसं उपचारापर्यंत पोचलेलीच नव्हती. म्हणजे शंभर उंबऱ्यांच्या गावात हा त्रास असलेली घरं बरीच असतात आणि त्यातलं प्रत्येक घर आपण एकटेच आहोत असं समजून दार लावून बसतं.

गटाचे नियम असे. इथलं बोलणं इथेच राहतं. गटासमोर आडनाव आणि गाव सांगण्याची सक्ती नाही. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही. बाजारात भेट झाली तर समोरच्याने आधी ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही.

एक चूक मात्र माझ्या हातून झालेली आहे. सुरुवातीच्या काळात मी एकाच गावच्या दोन माणसांना एका गटात बसवलं. त्यांचं आपसात नातं निघालं. कुणी वाईट हेतूने काही बोललं नाही, पण गोष्ट गावी पोचली आणि त्यातल्या ताईंनी येणं सोडलं. तेव्हापासून गटात बसवण्याआधी आम्ही एकट्यात गाव आणि सोयरीक विचारतो. गरज पडली तर अमळनेरच्या माणसाला पाचोऱ्याच्या गटात पाठवतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला मर्यादाही आहेत आणि त्या आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसता येत नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावंच लागतं.

माझा भाऊ यायला अजिबात तयार नाही. मी एकटी आले तर चालेल का?

चालेल. मीही अशीच आले होते.

आजार एकाच्या अंगात असतो, पण घर सगळं त्याच्याभोवती फिरायला लागतं. कोण रात्री जागणार, कोण कामाला जाणार, पाहुण्यांना काय सांगायचं, या सगळ्याखाली सांभाळणारी माणसं हळूहळू झिजतात. बहुतेक वेळा ती आई असते, नाहीतर बायको. तिला कुणी “तू कशी आहेस” असं विचारत नाही.

१९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णासोबत घरच्यांनाही आवारातच तंबू ठोकून राहायला लावलं. घरच्यांनी आजार जवळून पाहिला, काळजी कशी घ्यायची ते शिकले, आणि रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. पुढे परदेशांतल्या अभ्यासांतूनही दिसलं की ज्या घरात रुग्णावर सतत टीका होते, राग निघतो किंवा त्याला क्षणभरही एकटं सोडलं जात नाही, तिथे स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, भलते संशय येणं असा आजार) उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. याचा अर्थ घरच्यांमुळे आजार झाला असा मुळीच नाही. हे वाक्य मला दर बैठकीत म्हणावं लागतं, कारण प्रत्येक आई मनात तेच धरून आलेली असते. याचा अर्थ एवढाच की घरातलं बोलणं बदललं तर औषधाला जोर मिळतो, आणि ते बदलणं शिकता येतं.

आम्ही ते अक्षरशः सराव करून शिकवतो. “दिवसभर लोळत असतो, बाकीची पोरं बघ कुठे गेली” याऐवजी “आज अंघोळ केलीस, बरं वाटलं मला.” त्याला आवाज ऐकू येतात तेव्हा “असं काही नसतं” म्हणून वाद घालू नका आणि “हो, मलाही येतोय” असंही म्हणू नका. “तुला ऐकू येतंय आणि तू घाबरला आहेस, हे मला दिसतंय” एवढंच म्हणा. सुरुवातीला हे नाटकी वाटतं. माझ्या आईला ते जमायला वर्ष लागलं. ज्या दिवशी जमलं, त्या संध्याकाळी भाऊ बऱ्याच दिवसांनी आमच्यासोबत जेवायला बसला.

भाऊ नंतर येईल किंवा येणार नाही. तुम्ही या.

फारच बिघडलं आणि तो ऐकतच नसेल तर जबरदस्तीने नेता येतं का?

२०१७ च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्यात त्यासाठी वेगळी प्रक्रिया आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची चिन्हं असतील, किंवा माणूस स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याने स्वतः नेमलेली, नाहीतर कायद्याने ठरणारी जवळची व्यक्ती) अर्जावर आणि तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. आणीबाणीत कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीने ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. म्हणजे आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण थेट तिकडे पळण्याची गरज क्वचितच पडते.

आम्ही आधी भगताकडे नेलं होतं. आता डॉक्टर रागावतील का?

सांगून टाका. रागावणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधा.

माणूस एकाएकी वेगळं वागायला लागला की ‘बाहेरचं’ असेल ही शंका सातपुड्याच्या पाड्यावर येते तशी शहरातल्या बंगल्यातही येते. कानबाईचं व्रत, देवीचा नवस, दर्ग्यातला धागा याला आमचा विरोध नाही. त्याने घराला धीर मिळत असेल तर मिळो. हद्द दोन ठिकाणी येते. कुणी गोळ्या बंद करायला सांगितलं, किंवा मारलं, बांधलं, उपाशी ठेवलं, धुरी दिली, तर तिथे थांबायचं. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं किंवा मारणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या कायद्यानेही मानसिक आजार असलेल्या कुणालाही साखळदंड घालण्यास बंदी आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडी इथे आग लागली तेव्हा साखळीने बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही आणि पंचवीसहून अधिक जण जळून गेले. आपल्याकडे गोठ्यात बांधून ठेवलेला मुलगा पाहिला की मला ते आठवतं. त्याला बांधणारे आईबाप क्रूर नसतात. शेतात गेल्यावर तो निघून जाईल या भीतीने त्यांनी बांधलेलं असतं. म्हणून आम्ही आधी दिवसा कोण लक्ष ठेवेल ते बघतो आणि मग दोर सोडायला सांगतो.

दुसऱ्या कुणाला, बहुतेक वेळा एखाद्या एकट्या बाईला, ‘डाकीण’ ठरवून तिच्यामुळे हे झालं असं कुणी म्हणत असेल, तर तेही त्याच २०१३ च्या कायद्यात येतं. ताबडतोब पोलिसांना कळवा.

मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक यांतल्या कुणाकडे जायचं?

गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात, ते एमबीबीएसनंतर या विषयात शिकलेले डॉक्टर असतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तपासण्या आणि बोलण्याचे उपचार करतात. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं, त्यामुळे शिक्षण कुठे झालं ते विचारा.

खर्च झेपेल का?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून पुढे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. त्याखाली सरकारी दवाखान्यात तपासणी होते, गोळ्याही मिळतात. आधारगटाला सहसा पैसे लागत नाहीत. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरणं विमा कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. आजार दीर्घ आणि गंभीर असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकतं. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सवलतींचा विचार होतो.

आम्ही नंदुरबारच्या डोंगरातले, धडगावकडचे. दर पंधरा दिवसांनी येणं शक्य नाही.

तुमची अडचण खरी आहे. एका बैठकीसाठी दिवसाची मजुरी बुडते, आणि ऊसतोडीला गेलेलं कुटुंब तर सहा महिने गावातच नसतं. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सेवेचा, क्रमांक आहे. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. पण गटाची जागा फोन घेत नाही, आणि पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आजीला मराठीही परकीच वाटते. म्हणून पाड्यावरच्या आशाताईंना सोबत घ्या. बाळंतपण, लसीकरण यासाठी त्या घरात येतातच, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

बोलीचं म्हणाल तर अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, गुजर, पावरी, सगळं चालतं. दुःख प्रमाण मराठीत सांगायला लावलं की अर्धं आतच राहतं.

दारूसाठीही हाच गट का?

वेगळा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही १९३५ साली अमेरिकेत दोन व्यसनी माणसांनी सुरू केलेली चळवळ आहे. आपल्या भागातही तिच्या बैठका होतात. फी नसते आणि आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. महाराष्ट्रात पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे.

एक धोका लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. शपथ घेऊन माळ घातली, हे चांगलंच, पण त्याच दिवशी डॉक्टरांनाही दाखवा.

तो म्हणतो, आता जगण्यात राम नाही. मी सरळ विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल का?

भरत नाही. उलट विचारल्यानेच त्याला बोलायला वाट मिळते. आडून विचारू नका. “मरून जावं असं मनात येतं का?” असंच विचारा आणि मग गप्प बसा. “मुलांकडे बघ”, “असं बोलू नये” हे तेव्हा नको. तो हो म्हणाला तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. कपाशीवर फवारायच्या विषाला आपण औषधच म्हणतो आणि ते घरातच खाटेखाली ठेवतो. ते कुलपात टाका आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्या, किंवा सरळ घराबाहेर काढा. टोकाचे विचार पुष्कळदा काही तासांचे असतात. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं, यानेच जीव वाचतो. १४४१६ ला फोन लावा. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८.

प्रयत्न होऊन वाचलेल्या माणसाबद्दल ‘पोलीस केस होईल’ या धास्तीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

कापसाचा भाव पडला, गारपिटीने केळी झोपली, करपा आला, असं झालं की गटातले पुरुष गप्प होतात. त्या आठवड्यात आम्ही स्वतःहून घरी फोन करतो.

बाळंतीण सारखी रडते. काही दिवसांत ठीक होईल ना?

पहिल्या आठवड्यातलं रडू बहुतेकींचं आपोआप जातं. दोन आठवडे उलटूनही राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, झोप नाही, भलतेसलते विचार येतात, तर तो आजार आहे, नजर लागलेली नाही. सव्वा महिना संपायची वाट पाहू नका.

मुलीच्या लग्नाचं काय? सांगितलं तर मोडेल, लपवलं तर...

याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही, पण काय होतं ते पाहिलेलं आहे. सासरी कळू नये म्हणून हळदीच्या आदल्या दिवशी गोळ्या बंद करतात. जागरणं, पाहुणे, नवीन घर. महिना-दोन महिन्यांत आजार उलटतो, आणि मग आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली लेक परत जात नाही. शिवाय महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली लग्न रद्द करण्याचा दावा होऊ शकतो.

माझं मत स्पष्ट आहे. बोलणी पक्की होण्याआधी मुलाला सांगा, आणि मुलीनेच सांगावं. कमीत कमी शब्दांत: “मला हा आजार आहे, उपचार चालू आहेत, डॉक्टरांना तुम्ही भेटू शकता.” स्थळं मोडतात, हे मी लपवणार नाही. पण ज्यांची लग्नं सांगून झाली, त्यांची गोळ्यांची डबी आज स्वयंपाकघराच्या फळीवर उघडी असते.

पुरुष येतात का?

येतात. पहिल्यांदा बायकोला सोडायला म्हणून येतात आणि दाराबाहेर मोटरसायकलवर बसून राहतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी आत येतात.

किती दिवस यावं लागेल? आणि नाही आवडलं तर?

उपचारगट सहसा दोन-तीन महिने चालतो. आधारगटाला शेवट नसतो. काही जण सहा वर्षं येत आहेत, काही फक्त जड महिन्यांत येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत गट अर्धा होतो, त्याचं कुणी मनावर घेत नाही. निदान तीन बैठका बसून बघा. तरी नाही पटलं तर तसं सांगा, दुसरा गट किंवा एकट्याने बोलण्याची सोय बघू. आणि ज्या गटात तुमच्यावर बोलण्याची बळजबरी होते, औषध सोडायला सांगतात किंवा काही विकतात, तो लगेच सोडा.

पहिल्या दिवशी सोबत काय आणू?

चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, जुने कागद असतील तर ते, आणि पाण्याची बाटली. शेवटची एसटी किती वाजता आहे ते आल्याबरोबर सांगा, म्हणजे तुमची पाळी आधी घेता येईल. बोलायचं नसेल तर बोलू नका. पहिले दोन महिने मी एक शब्दही बोलले नव्हते.